साहेबांची दाढ आणि मावशींचा रिमोट

अकरा वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरांनी आतल्या खोलीत भुलेचं इंजेक्शन भरायला घेतलं आणि त्याच मिनिटाला बाहेर मावशींनी नव्या खोक्याची चिकटपट्टी कात्रीनं कापली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध येईल असं तेव्हा कुणाच्याही मनात आलं नाही.

दवाखाना दातांचा होता. पहिल्या मजल्यावर, चष्म्याच्या दुकानाच्या डोक्यावर. जिना चढून आलं की बसायची खोली, तिथे एक लांब बाक, चार खुर्च्या आणि मावशींचं टेबल. मध्ये काचेची भिंत, आणि काचेपलीकडे ती आडवी होणारी खुर्ची, जिच्याकडे बाकावरचा प्रत्येक माणूस न बघितल्यासारखं करून बघत असे. डॉक्टर चौतीस वर्षांच्या, हाताच्या हलक्या, स्वभावानं शांत. मावशी म्हणजे त्यांची सख्खी मावशी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर 'पंधरा दिवस जरा मदतीला' म्हणून आल्या होत्या, त्याला आता चार वर्षं होत आली होती. पेशंटसमोर भाचीला 'डॉक्टर' म्हणायचं एवढं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. पण 'तू' आणि 'गं' काही त्यांच्याच्यानं सुटलं नाही. "डॉक्टर, तुझा फोन वाजतोय गं," असं त्या हाक मारत.

त्या दिवशी खुर्चीत जे गृहस्थ होते ते अग्निशामक केंद्राचे प्रमुख. त्यांना सगळं शहर 'साहेब' म्हणत असे. सहा फूट उंची, पिळदार मिशा. जळत्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून दोन म्हाताऱ्या माणसांना खांद्यावर घेऊन शिडीनं उतरलेला माणूस. पण दोन महिन्यांपूर्वी याच खुर्चीत ड्रिल नुसतं एकदा गुर्रर्र झालं आणि साहेब उठून पळाले. गळ्यात निळा कागदी रुमाल तसाच. जिना उतरून, चष्म्याच्या दुकानासमोरून, बसथांब्यावरच्या रांगेसमोरून. रांगेतले लोक आधी रस्ता मोकळा करून उभे राहिले, कारण साहेब पळतायत म्हणजे कुठेतरी आग लागली असणार.

आग लागली ती दवाखान्याला. 'जिथून फायर ब्रिगेडवाला पळाला तिथे आपला काय निभाव लागणार,' असं लोक बोलू लागले आणि बाक रिकामा पडायला लागला. मग पेशंटचं लक्ष दुसरीकडे वळवायला म्हणून डॉक्टरांनी दोन टीव्ही आणले. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे. एक बाहेर भिंतीवर बसवला, आणि एक आत थेट छताला, खुर्चीत आडवं पडलं की बरोबर डोळ्यांसमोर येईल असा.

आतला टीव्ही गुणी निघाला. बाहेरच्याचा रिमोट मात्र पहिल्या आठवड्यापासून चालेना. मावशींनी तो दुकानात परत दिला, दुकानदारानं 'कंपनीकडे पाठवतो' म्हटलं आणि तेव्हापासून मावशी रोज सकाळी स्टुलावर चढून टीव्हीमागचं बटण हातानं दाबत होत्या. शेवटी कंटाळून त्यांनी टीव्हीला जोडायचा तो छोटा डबा मागवला, ज्यातून इंटरनेटवरच्या मालिका-सिनेमे दिसतात आणि ज्याचा रिमोट टीव्हीसुद्धा चालवतो, असं खोक्यावरच लिहिलं होतं.

खोक्यात सगळं होतं. सेल नव्हते.

"आतल्या टीव्हीच्या रिमोटचे घेते," मावशी स्वतःशीच म्हणाल्या. "तो एकदा लावला की दिवसभर चालूच असतो. त्याला काय करायचेत सेल?" त्यांनी टेबलावरच्या जुन्या रिमोटमधून दोन्ही सेल काढले, नव्यात घातले आणि झाकण दाबलं. झाकण खट्‌कन असं बसलं की मावशींचं नख तुटलं.

आत साहेब खुर्चीत आडवे होते. उजवा गाल चेंडूसारखा सुजलेला. पाच दिवस दूध आणि सूप. दाढेत पू झाला होता आणि डॉक्टरांनी वहिनींना, म्हणजे साहेबांच्या बायकोला, फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "आज काढली नाही तर उद्या मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागेल. सूज गळ्यापर्यंत उतरली तर गंमत नाही."

साहेबांना इथवर आणलं ते वहिनींनीच, आणि युक्तीनं. त्या दिवशी अकरा वाजता रस्सीखेचेचा अंतिम सामना होता, फायर ब्रिगेड विरुद्ध पोलीस. साहेब त्या संघाचे प्रशिक्षक. वर्षभर रोज पहाटे आठ जवानांना त्यांनी झाडाला बांधलेला दोर ओढायला लावला होता. पण असल्या तोंडानं मैदानावर ओरडणार कसं? म्हणून सहायकाला पाठवलं होतं आणि स्वतः घरी शहराच्या केबल चॅनलवर सामना बघणार होते. सकाळी वहिनींनी घरच्या टीव्हीची वायर काढून पिठाच्या डब्यात ठेवली आणि म्हणाल्या, "अहो, आपला टीव्ही गेला वाटतं. डॉक्टरांकडे छताला टीव्ही आहे म्हणे. त्यावर लागतं ते चॅनल."

साहेबांनी सुजलेला गाल चाचपला. मग म्हणाले, "फक्त सामना बघायला येईन. दाढेचं नंतर."

"फक्त सामना," वहिनी म्हणाल्या.

आता त्या बाहेर जिन्याचं दार अडवून बसल्या होत्या. एवढीशी मूर्ती, पण शिवणाच्या क्लासात तीस मुलींना एका नजरेत गप्प करणारी. पर्स मांडीवर, पाय उंबऱ्याला टेकवलेले. साहेब पळालेच तर त्यांना ओलांडून जावं लागणार होतं.

बाकावर आणखी एक पेशंट होत्या, एक आजी. कवळीला तडा गेला म्हणून ती दुरुस्तीला दिलेली, त्यामुळे तोंड बोळकं, आणि कानानंही जरा कमी. पण साडेअकराची मालिका घरी बघायची ती इथे बघू म्हणून लवकर येऊन बसलेल्या.

"लागतेय का गं बाई?" आजींनी विचारलं.

"लागेल, आजी. आयुष्यभर लोकांच्या जोडण्या करून दिल्यात मी. ही काय मोठी गोष्ट आहे?"

टीव्हीवर निळा पडदा आला. मावशींनी भाषा मराठी निवडली, आणि डब्यानं आदबीनं विचारलं: 'हा रिमोट आपला टीव्ही कसा नियंत्रित करेल ते निवडा.' खाली तीन पर्याय. केबलमार्फत. इन्फ्रारेडमार्फत. नियंत्रित करू नका.

"केबल," मावशी लगेच म्हणाल्या. "तारेवर माझा पहिल्यापासून विश्वास."

पडद्यावर आलं: 'आवाज वाढवण्याचे बटण दाबा. आवाज बदलला का?' मावशींनी दाबलं. काही बदललं नाही. पुन्हा दाबलं. मग बटणच चुकीचं असेल म्हणून वरचं लाल दाबलं, तर टीव्ही आणि डबा दोघेही एकदम झोपी गेले. स्टूल, टीव्हीमागचं बटण, परत निळा पडदा, परत तोच प्रश्न. या खेपेला मावशींनी नाइलाजानं इन्फ्रारेड निवडलं.

इन्फ्रारेड म्हणजे रिमोटच्या तोंडातून निघणारा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड. तो टीव्हीच्या कडेवरच्या काळ्या चिमुकल्या डोळ्यात शिरला की टीव्हीला हुकूम समजतो. डब्यानं टीव्हीची कंपनी विचारली आणि सांगितलं की या कंपनीचे बारा संकेत आहेत. एकेक करून बघू, कुठला लागू पडतो तो ठेवू.

आता मावशींना जे माहीत नव्हतं ते असं. बाहेरच्या टीव्हीच्या कडेवर त्यांनी स्वतःच्या हातानं 'कृपया शांतता राखा' ही चिठ्ठी चिकटवली होती, ती बरोबर त्या काळ्या डोळ्यावर. म्हणूनच त्याचा पहिला रिमोट चालत नव्हता. आणि न दिसणारा उजेड काचेतून आरपार जातो. काचेपलीकडे, छताला, त्याच कंपनीचा टीव्ही दोन्ही डोळे उघडे ठेवून बसल्यासारखा हुकुमाची वाट बघत होता.

आत वातावरण छान होतं. तीनपैकी पहिली ओढ फायर ब्रिगेडनं जिंकली होती. साहेबांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली होती आणि त्या आनंदात डॉक्टरांनी 'नुसतं दुखायचं थांबेल' म्हणून भूल देऊन घेतली होती. पाच-सात मिनिटांत साहेबांचा अर्धा चेहरा आपला राहिला नाही. मग 'नुसतं बघते' म्हणून डॉक्टरांनी दातांमध्ये रबरी ठोकळाही ठेवला. दुसरी ओढ सुरू झाली. साहेबांची नजर छताला खिळलेली. डॉक्टरांनी हळूच पक्कड उचलली.

बाहेर मावशींनी दुसरा संकेत लावून आवाजाचं बटण दाबलं. बाहेर काही नाही. आणखी जोरात दाबून धरलं.

"पोलिसांनी टाचा रोवल्या आहेत!" आतला निवेदक एकदम कानाशी येऊन ओरडला. भिंतीवरचं प्रमाणपत्र थरथरलं. डॉक्टरांच्या हातातली पक्कड ट्रेमध्ये पडली.

"मावशी!" डॉक्टर ओरडल्या. "टीव्ही!"

"करतेय गं!" मावशींनी काचेबाहेरून हात हलवला. "दुसरा चालू आहे! अजून दहा आहेत!"

पडद्यावर प्रश्न होता: 'आवाज बदलला का?'

"बदलला की," आजी म्हणाल्या. "चांगला मोठा झाला. मलासुद्धा ऐकू आला."

"तो आतला हो, आजी. डॉक्टरनं वाढवला असेल. आपल्याला इथला हवाय." आणि मावशींनी प्रामाणिकपणे 'नाही' निवडलं.

चौथ्या संकेताला डब्यानं आवाज कमी करून बघायला सांगितलं. मावशींनी बटण दाबून धरलं, आणि आत, पोलीस आणि फायर ब्रिगेड दोघेही दोराला लोंबकळलेले असताना, जगातला सगळा आवाज गेला. साहेबांनी डोळे मोठे करून "आआ! आआ!" केलं.

"दुखतंय?" डॉक्टर घाबरून म्हणाल्या. "मी अजून हातही लावला नाही, साहेब!"

साहेबांनी बोट वर केलं. "आआआ!"

बाहेर वहिनींनी हे ऐकलं आणि पाय उंबऱ्याला आणखी घट्ट रोवले. "काढतायत वाटतं," त्या आजींना म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "फार दुखत असेल हो. असा आवाज त्यांनी कधी काढला नव्हता."

दुसरी ओढ पोलिसांनी घेतली. एक-एक. तिसऱ्या ओढीआधी पाच मिनिटांची विश्रांती होती. कॅमेरा साहेबांच्या आठ जवानांच्या चेहऱ्यांवरून फिरत होता. ते घामेघूम होऊन गवतावर बसले होते आणि त्यांचा सहायक प्रशिक्षक त्यांना काहीतरी चुकीचं सांगत असावा असं साहेबांना दिसत होतं. नेमका तेव्हा बाहेर सातवा संकेत आला. डब्यानं या खेपेला चालू-बंदचं बटण दाबायला सांगितलं.

छतावरचा टीव्ही विझला.

साहेब उठून बसले. तोंडातला ठोकळा त्यांनी हातानं काढला, गळ्यातला निळा रुमाल तसाच ठेवून काचेचं दार ढकललं आणि ते बाहेर आले. वहिनी ताडकन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात पसरून दारात आडव्या झाल्या.

"अहो! पुन्हा?"

"हळालो नाही!" साहेब म्हणाले. अर्धं तोंड बधिर झालेलं, त्यामुळे अक्षरं हवी तशी निघेनात. "टीव्ही हंद हडला!"

"काय हंद?"

"टीव्ही! हंद! हडला!"

"भूल डोक्यात गेली का हो डॉक्टर?" वहिनींनी काचेकडे बघत विचारलं.

"ते म्हणतायत, टीव्ही बंद पडला," आजी शांतपणे म्हणाल्या. बिनदातांची भाषा त्यांना गेले चार दिवस चांगली अवगत होती. "आतला."

साहेबांनी आजींकडे असं बघितलं, जसं बुडणारा माणूस दोराकडे बघतो. मग त्यांनी मावशींच्या हातातला रिमोट, बाहेरचा टीव्ही आणि निळा पडदा या तिघांकडे पाहिलं. शेवटी काही झालं तरी ते अधिकारी होते. पाणी येत नसेल तर आधी नळ नाही, नळी बघायची, हे त्यांना माहीत होतं. ते टीव्हीजवळ गेले, कडेवरून बोट फिरवलं आणि 'कृपया शांतता राखा' ही चिठ्ठी ओढून काढली.

"हे हाय?"

"अगं बाई," मावशी म्हणाल्या.

त्यांनी रिमोट दाबून बघितला. बाहेरचा टीव्ही गपकन बंद झाला. सगळ्यांना आनंद व्हायच्या आत काचेपलीकडे छताला हिरवं मैदान उजळलं आणि त्यावर दोर ताणायला आलेले सोळा जण दिसले. साहेब धावत आत गेले आणि खुर्चीत पडले.

"आणि माझी मालिका?" आजी म्हणाल्या.

"लावते, लावते." मावशींनी सवयीनं बटण दाबलं. बाहेरचा टीव्ही लागला. छतावरचा विझला. आतून "आआआ!" आलं.

"मावशी, थांब!" डॉक्टर काचेच्या दारात आल्या. "एकाच बटणावर दोन्ही आहेत. तू हा लावलास की तो जातो. त्या जुन्या रिमोटनं लाव ना आतला."

"त्याचे सेल यात आहेत."

"मग काढ."

"झाकण निघत नाही." मावशींनी तुटलेलं नख दाखवलं. "आणि आतल्याचं बटण पाठीला आहे, छताच्या बाजूला. तिथे स्टूल पुरत नाही."

"त्या डोळ्यावर परत काहीतरी लावा," वहिनी म्हणाल्या. त्या शिवणकाम शिकवत. कुठे काय झाकायचं हे त्यांना लगेच कळे. "चिठ्ठी कुठेय?"

चिठ्ठी साहेबांच्या मुठीत चुरगळून गोळा झाली होती. वहिनींनी वेळ घालवला नाही. त्या दार सोडून आल्या, स्टुलावर चढल्या आणि तळहात टीव्हीच्या काळ्या डोळ्यावर दाबून धरला. "आता दाबा."

"एक मिनिट," डॉक्टर म्हणाल्या. त्या एवढ्या हळू आवाजात बोलल्या की सगळ्यांनी माना पुढे केल्या. पुन्हा बाहेर येऊन उभ्या राहिलेल्या साहेबांकडे त्या वळल्या. "साहेब, खोटं बोलून काही करायचं नाही मला. तुमची दाढ आज काढायलाच हवी. तुम्ही खुर्चीत पडा, तोंड उघडा, मावशी टीव्ही लावेल, आणि मी माझं काम करेन. भूल लागलीय. दुखणार नाही. दाबल्यासारखं वाटेल. एवढंच."

साहेबांनी डॉक्टरांच्या हातातल्या पक्कडीकडे बघितलं. मग त्यांची नजर जिन्याकडे गेली. दार मोकळं होतं. तिथे कुणी नव्हतं. वहिनी स्टुलावर हात उंच करून उभ्या होत्या आणि त्यांनीही ते मोकळं दार बघितलं.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "मला हात काढता येणार नाही. जायचं असेल तर जा तुम्ही. मी काही म्हणणार नाही."

खाली रस्त्यावर बस थांबल्याचा आवाज आला. साहेब उभेच होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, मोठ्या आगीतसुद्धा येत नाही असा. त्यांच्या त्या पळण्याला आपण दोन महिने उगाच हसत होतो, असं मावशींना पहिल्यांदाच वाटलं.

"आठ हणं आहेत दोरावर," साहेब शेवटी म्हणाले.

"आठ जणं," आजींनी सांगितलं.

"हळून हसं हालेल?"

"पळून कसं चालेल, म्हणतात."

आणि साहेब आत जाऊन खुर्चीत आडवे झाले, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले आणि स्वतःहून तोंड उघडलं.

मावशींनी काचेला रिमोट टेकवून बटण दाबलं. छतावरचा टीव्ही लागला. बाहेरचाही चालू राहिला, कारण वहिनींचा हात घट्ट होता. पंच हात वर करून उभा होता. सोळा माणसं दोरावर वाकली.

"आवाज!" डॉक्टर म्हणाल्या. मावशींनी वाढवला. "आणखी!" आणखी वाढवला. आपण काय करतोय हे आता त्यांना पूर्ण कळत होतं, आणि पूर्वी टेलिफोनच्या बोर्डावर बसत तशा त्या ताठ उभ्या होत्या.

पंचाचा हात खाली आला.

"ओढा!" निवेदक किंचाळला. "ओढा! दोर हलत नाहीये! आता फायर ब्रिगेडकडे एक वीत! आणखी एक वीत!"

डॉक्टरांनी पक्कड दाढेला लावली. दाढ जुनी, मुळं पसरलेली, तीही जागची हलत नव्हती. आजी मालिका विसरून काचेपाशी आल्या होत्या. "ओढा गं बाई," त्या म्हणाल्या. कुणाला, ते सांगणं कठीण होतं.

"काय झालं? कुणीतरी सांगा!" वहिनी स्टुलावरून म्हणाल्या. त्यांची मान पोचेल तिथून त्यांना फक्त साहेबांचे बूट दिसत होते.

"फायर ब्रिगेड पुढे आहे," मावशी म्हणाल्या.

"सामना नको हो! ते कसे आहेत?"

"पडून आहेत. पाय आवळलेत, पण पडून आहेत."

पोलिसांचा सगळ्यात मागचा माणूस, दोर अंगाभोवती घेऊन उभा राहणारा एक अवाढव्य हवालदार, दात आवळून मागे रेलला. दोर थांबला. मग उलटा सरकू लागला. "पोलीस ओढतायत! एक वीत! दोन!" साहेबांचं सगळं शरीर खुर्चीत उलट्या बाजूला ताणलं गेलं, जणू तो दोर तेच धरून होते. डॉक्टरांनी मनगट वळवलं, डावीकडे, उजवीकडे. "ओढा!" निवेदक. "ओढा!" आजी. शिट्टी वाजली, पोलिसांनी दोर सोडून आकाशात उड्या मारल्या, आणि डॉक्टर दोन पावलं मागे गेल्या.

साहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"दुखलं?" डॉक्टर वाकून म्हणाल्या. "साहेब, दुखलं का?"

"हरलो," साहेब म्हणाले.

हा एकच शब्द त्यांचा त्या दिवशी अगदी स्पष्ट निघाला, कारण बधिर तोंडाला जमणारा 'ह' त्यात मुळातच होता. मग मान वळवून त्यांनी विचारलं, "तुम्ही हधी हुरू हरणार?"

"कधी सुरू करणार, म्हणतात," काचेबाहेरून आजी.

डॉक्टरांनी ट्रे पुढे केला. दाढ तिथे पडली होती, तीन मुळांसकट. साहेबांनी बघितलं. पुन्हा बघितलं. रिकाम्या जागेकडे जीभ नेली. पाच दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या खांद्यातला ताठरपणा उतरला, आणि माणूस केवढा थकलाय ते दिसलं.

"मी हात काढू का आता?" बाहेरून वहिनींनी विचारलं.

मावशींनी त्यांना धरून उतरवलं. हात पार बधिर झाला होता, तो हलवत हलवतच त्या आत गेल्या, साहेबांच्या सुजलेल्या गालाला त्यांनी हळूच बोट लावलं. साहेबांच्या तोंडात आता कापूस होता, अर्धा तास दाबून धरायला सांगितला होता. त्यांना बाकावर बसवलं. आजींनी सरकून जागा दिली आणि राहिलेल्या अर्ध्या मालिकेत कोण कुणाची सून ते त्यांना समजावून सांगायला सुरुवात केली. साहेब मान डोलावत होते.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मावशींनी उचलला, ऐकलं, आणि रिसीव्हरवर हात ठेवला.

"डॉक्टर, ऐक गं. मैदानावरून फोन आहे. पोलिसांच्या संघातला तो मागचा हवालदार. शेवटच्या ओढीला दात आवळले, त्यात अर्धी दाढ तुटली. फार कळा येतायत म्हणतो."

"चार वाजता ये म्हणावं."

मावशींनी सांगितलं. पुन्हा बराच वेळ ऐकलं. पुन्हा हात ठेवला.

"येत नाही म्हणतो. एवढा धिप्पाड माणूस, पण आवाज अगदी लहान मुलासारखा झालाय. म्हणतो, त्या दवाखान्यातून फायर ब्रिगेडचे साहेबसुद्धा पळाले होते."

खोलीत कुणी कुणाकडे बघितलं नाही. डॉक्टर हातमोजे काढता काढता थांबल्या. वहिनी पर्सचा बंद ओढत राहिल्या.

साहेबांनी कापूस दाबून धरत हात पुढे केला आणि बोटांनी लिहिल्याची खूण केली. मावशींनी कागद आणि पेन दिलं. साहेबांनी गुडघ्यावर कागद ठेवून बराच वेळ लिहिलं, एक शब्द खोडला, आणि कागद परत दिला. मावशींनी चष्मा सावरला आणि फोनमध्ये वाचलं:

"'आजच दाढ काढली. कळलंसुद्धा नाही. तुमचा विजय खरा होता. चार वाजता या. हात धरायला मी इथे बसतो. अग्निशामक केंद्र प्रमुख.'"

पलीकडून काय उत्तर आलं ते कुणाला कळलं नाही, पण मावशींनी वहीत चारच्या पुढे 'हवालदार' असं लिहिलं. फोन ठेवायच्या आधी त्यांच्या लक्षात आलं की कागदावर अगदी खाली, बारीक अक्षरात, आणखी एक ओळ आहे. ती फोनवर वाचायची की फक्त आपल्यासाठी आहे, हे त्यांनी साहेबांना नजरेनं विचारलं. साहेबांनी गंभीरपणे मान हलवली. वाचा.

"'टीव्ही मात्र लावला जाणार नाही.'"